दोराचं खालचं टोक

त्या संध्याकाळी मी भिंतीच्या पोटाखाली अडकले, आणि दोर धरायला खाली बाबा नव्हते.

पोट म्हणजे आम्ही चढायला शिकतो त्या हॉलमधल्या भिंतीचा फुगलेला भाग. बाकी भिंत सरळ उभी, प्लायवूडची, तिच्यावर हातापायाच्या पकडी स्क्रूने बसवलेल्या. पण छताच्या जरा अलीकडे ती बाहेर येते, भरपेट जेवलेल्या माणसासारखी. तिथे अंग मागे लोंबतं, सगळा भार बोटांवर येतो आणि एकाच झेपेत वरची पिवळी पकड गाठावी लागते. ती झेप मी कित्येक आठवडे आरामात घेत होते. इतकी आरामात, की नव्या लोकांना न मागता सल्ले द्यायला लागले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

बाबांचा गुडघा धरला होता म्हणून त्या दिवशी पोस्टमनने दोर धरला. खरोखरचा पोस्टमन, टपाल वाटून झालं की चढायला येणारा, अगदी भरवशाचा माणूस. मी झेपावले आणि बोटं पिवळ्या पकडीच्या वीतभर खाली आपटली. दोरावर लटकले, दम घेतला, पुन्हा झेपावले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी झेपेआधी माझी नजर दोराकडे गेली. माझ्या कमरेच्या पट्ट्यापासून छतातल्या कडीपर्यंत आणि तिथून खाली धरणाऱ्यापर्यंत तो जातो. चढणारी पडली तर खालच्याने तिला अडवायचं, एवढंच त्याचं काम. आत्ता तो माझ्या नाकासमोर जरासा सैल लोंबत होता, जसा असायला हवा तसा. बाबांच्या हातात तो असा कधीच नसायचा. त्यांच्या हातात तो ताठ असायचा, आणि झेपेच्या क्षणी मला वाटायचं की आपण हलक्या झालोय. मी ती माझी प्रगती समजत होते.

मला खाली घे, एवढंच मी पोस्टमनला सांगितलं.

आम्हाला शिकवणाऱ्याला सगळे सरडा म्हणतात. तो स्वतःही फोन उचलला की "सरडा बोलतोय" म्हणतो. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, म्हणून मला तो कवळी म्हणतो. त्याने माझं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं. म्हणाला, तुझ्या बाबांना दोनदा टोकलं होतं मी, दोर फार ताठ धरता म्हणून, वाटलं तुला ठाऊक असेल. मग त्याने हेही सांगितलं की महिनाअखेरीला सगळे जुन्या दगडखाणीच्या कड्यावर जाणार आहेत. जो हे पोट स्वतःच्या ताकदीवर पार करेल, त्यालाच तिथे दोर खालून घेऊन चढता येईल. माझं नाव त्याने आधीच धरलं होतं. आता ते ठेवायचं की काढायचं, हे त्याने माझ्यावर सोडलं.

मला हे वेड लागून वर्षही झालं नव्हतं. लॅबमधल्या एकीने वाढदिवसाला आम्हाला त्या हॉलमध्ये नेलं. बाकीच्या केक खाऊन घरी गेल्या, मी तिथेच राहिले. त्यानंतर मला साध्या भिंती साध्या दिसेनात. बँकेच्या रांगेत उभी असले तरी खांबाच्या कंगोऱ्यात बोट कुठे बसेल ते बघायचे. मेणाच्या पट्टीत दात बसवताना हात थरथरायचे. एकदा एक दाढ अशी वाकडी बसवली, की मालकीणबाईंनी ती कवळी माझ्यासमोर उघडमीट करून विचारलं, हिने माणूस जेवेल की स्वतःची जीभ खाईल? बोटांची सालं निघाली, नखं गेली, आणि आई रोज ऐकवायची, चढेल तो पडेल. पण शाळेपासून मी कशातच पहिली नव्हते, दुसरीही नव्हते. छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाटलं होतं की हे शरीर आपलं ऐकतंय. आता तेही खोटं निघालं.

घरी गेले तेव्हा बाबा गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. बाबा निवृत्त क्रेनचालक. सगळी उमर इमारतींच्या कामावर, उंच केबिनमध्ये बसून लोखंड उचलण्यात गेली. मी चढायला लागल्यावर ते एकदा हॉलमध्ये बघायला आले, माझा दोर धरणारा पोरगा बाजूच्याशी गप्पा मारताना त्यांना दिसला, आणि दुसऱ्या दिवसापासून दोर धरायचं ते स्वतः शिकले. मला त्याचा केवढा अभिमान होता. सगळ्यांना सांगत सुटले होते.

चपला काढायच्या आधीच मी विचारलं, "बाबा, तुम्ही मला वर ओढत होतात?"

"ओढलं नाही. ढील राहू दिली नाही, एवढंच."

"तेच ते."

"तेच कसं? माल हवेत असताना वायर ढिली पडली की झटका बसतो. ढील ठेवायची नसते."

"मी माल नाहीये, बाबा."

त्यांनी पिशवी गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला फिरवली. मी दातओठ खात खोलीत गेले. शत्रूने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे?

थोड्या वेळाने आई टॉवेलच्या घड्या घालायचं निमित्त काढून आत आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने मला खुणावाल्या काकांची आठवण करून दिली.

काका बाबांचे दोस्त आणि कामावरचे जोडीदार. क्रेनचा चालक उंचावर असतो, खालचं त्याला धड दिसत नाही, ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून खाली उभा राहून एक माणूस हाताने खुणा करतो आणि चालक फक्त त्याच्याच खुणा पाळतो. काका तो खालचा माणूस. त्यांच्या उजव्या हाताला नुसता अंगठा होता. सुटीच्या दिवशी घरी आले की डाव्या हाताने ते मला खुणा शिकवायचे. बोट वर करून गोल फिरवलं की वर घ्या. हात खाली लांबवून, बोट जमिनीकडे करून फिरवलं की सोडा. तळवा आडवा हलवला की थांबा. आमच्या घरात या खुणा बोलण्यापेक्षा जास्त चालायच्या. एखादा पाहुणा चिकटून बसला की बाबा टेबलाखाली बोट वर करून फिरवायचे, उचला आता याला, आणि आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळायची.

काकांची बोटं तुळईखाली गेली, एवढं मला माहीत होतं. ती तुळई बाबांच्या क्रेनला होती, हे माहीत नव्हतं.

"खालून कोणीतरी ओरडलं, सोडा, सोडा म्हणून," आई म्हणाली. "काकांची खूण व्हायची होती अजून. पण त्या आवाजाने यांनी सोडलं, आणि काकांचा हात खाली होता. काकांनी जन्मात कधी बोलून दाखवलं नाही, तेच यांना जास्त लागलं. तेव्हापासून कोणी ओरडलं की यांचा हात आहे तिथे थिजतो. मी जिन्यातून जोरात हाक मारली तरी कप तोंडापाशी धरून बसतात, बघ कधीतरी."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर राग गेला नाही. काकांच्या बोटांचं दुःख मोठं होतं, माझं पोट छोटं होतं, पण ते माझं होतं.

पुढचे काही दिवस मी हट्टाने पोस्टमनबरोबर चढले, आणि एक वेगळीच फजिती समोर आली. परक्या हातात दोर असला की मला भीती वाटत होती. दर पावलाला मी खाली बघायचे, धरलंय ना, धरलंय ना, आणि तोवर हात भरून येऊन बोटं उघडायची. पोस्टमनने एकदा कंटाळून विचारलं, ताई, मी काय गाव सोडून चाललोय का? त्याची चूक काहीच नव्हती. बाबा खाली असले की भीती नव्हती, पण चढणंही नव्हतं. पोस्टमन असला की चढणं होतं, पण भीतीपुढे ते सुचायचंच नाही. अशीच महिनाअखेर आली असती आणि मी घरी बसून कवळ्या घासत राहिले असते.

शेवटी मीच बाबांकडे गेले. त्यांना म्हटलं, मला हात तुमचाच हवा, पण ढिला.

"जमेल असं वाटत नाही," ते म्हणाले, आणि पट्टा शोधायला उठले.

मग आम्ही दोघंही नवशिके झालो. मी भिंतीवर आणि ते खाली. दोरात वीतभर ढील ठेवायची म्हटलं की बाबांचा जबडा आवळायचा आणि कपाळावर घाम यायचा. मी वर सरकले की हात आपोआप दोर खेचायचा; सरडा शेजारी उभा राहून हळूच बाबांना म्हणायचा, काका, सोडा थोडा. ते सोडायचे, आणि क्षणात पुन्हा खेचलेला असायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं हे ऐकून आई म्हणाली, कौतुकाने की वैतागून ते कळलं नाही. मी पोटाखालून रोज पडत होते. हाताची आग व्हायची. पण आता प्रत्येक पडणं माझं स्वतःचं होतं, आणि खाली बाबा होते, त्यामुळे पुन्हा झेपावायची छाती होत होती. एका संध्याकाळी बोटं पिवळ्या पकडीवर बसली. मी लगेच दोराकडे पाहिलं. तो सैल होता. खाली पाहिलं, तर बाबा डोळे पुसत होते आणि सरडा त्यांना दुसरा हात दोरावरून काढू नका म्हणून दटावत होता.

मग दोर खालून घेऊन चढायचा सराव सुरू झाला. कड्यावर तसंच चढायचं होतं. यात वर आधीपासून दोर नसतो. चढणारी तो स्वतःबरोबर नेते आणि वाटेत दगडात ठोकलेल्या एकेका बोल्टच्या कडीत अडकवत जाते. अडकवण्यासाठी तो डोक्यावर उचलावा लागतो, तेव्हा खालच्याने ढील द्यावीच लागते. दिली नाही, तर दोर चढणारीलाच खाली खेचतो. हॉलमध्ये मी शांतपणे "ढील" म्हणायचे, बाबा द्यायचे. एकच गोष्ट त्यांनी केली नाही. सरड्याचं म्हणणं होतं की मी एकदा मुद्दाम पडावं आणि बाबांनी मला नीट पडू देऊन धरावं. बाबांनी साफ नाही म्हटलं. पोटच्या पोरीला मुद्दाम कशाला पाडायचं? सरड्याने हात टेकले.

कड्यावर गेलो तेव्हा वारा सुटला होता. खाणीचा तो कापलेला दगड करडा, कोरडा, हॉलच्या भिंतीसारखा रंगीत पकडी दाखवणारा नव्हे. कुठे धरायचं ते बोटांनीच शोधायचं. सरडा मागच्या वाटेने माथ्यावर गेला होता. पोस्टमन आणि बाकीचे खाली. मी निघाले तेव्हा बाबांनी माझी गाठ तपासली, मग स्वतःची कडी तपासली, मग पुन्हा माझी गाठ.

पहिले तीन बोल्ट झाले. चौथ्याच्या खाली या कड्यालाही पोट आहे, हॉलमधल्या पोटापेक्षा लहान, पण दगडाचं. मी त्याखालून बाहेर झुकले, वरची खाच डाव्या हाताने पकडली, पाय कसेबसे टेकवले. बोल्ट डोक्यावर होता. उजव्या हाताने दोर उचलायला गेले.

दोर आला नाही.

"ढील," मी म्हटलं. वाऱ्यात माझंच मला ऐकू आलं नाही. "बाबा, ढील!"

दोर ताठ झाला. मी अजून जोरात ओरडले, तो अजून ताठ झाला आणि कमरेला धरून मला खाली ओढायला लागला. डाव्या हाताची बोटं एकेक करून सुटतायत असं जाणवत होतं. खालून पोस्टमन ओरडला, काका, ढील द्या. मग सगळेच ओरडायला लागले. माथ्यावरून सरडा वाकून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "काका, सोडा! सोडा, सोडा!"

मी काखेखालून खाली पाहिलं. बाबा खांबासारखे उभे होते. दोन्ही हात दोरावर आवळलेले, तोंड पांढरं. चारही बाजूंनी लोक सोडा सोडा म्हणत होते आणि त्या माणसाला जगात एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: ओरडण्यावर सोडायचं नाही. तेव्हा मला कळलं की ओरडून मीच त्यांचा हात बांधतेय. संतापही आला आणि मायाही, दोन्ही एकदम. पण दोन्हीला वेळ नव्हता.

मी तोंड मिटलं. उजव्या हातातला दोर सोडून दिला, तो हात अंगापासून लांब काढला, खाली केला, बोट जमिनीकडे केलं आणि फिरवलं. लहान लहान गोल, काकांनी शिकवलेले. डावा हात जळत होता. बाबा बघतायत की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. पण जन्मभर ज्याची नजर खालच्या माणसाच्या हातावर होती, तो वरच्या माणसाचा हात बघणार नाही का, एवढ्याच भरवशावर मी बोट फिरवत राहिले.

कमरेवरचा ताण गेला. दोर आला, न अडखळता, हवा तेवढा.

मी तो उचलला. डोक्यावर नेला. कडी बोटाला लागली, तिचा थंडपणा मला आजही आठवतो. आणि त्याच क्षणी डावा हात उघडला.

हॉलमध्ये पडणं म्हणजे झोक्यावर बसणं. हे तसं नव्हतं. हातातला सगळा दोर घेऊन मी गेले, दगड समोरून वर पळाला, तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. मग कमरेला ओढ बसली, पण झटका नव्हता. कुणीतरी भार हळूच उतरवून ठेवावा तशी मी थांबले. पाय दगडाला लागले. मी जिवंत होते, लटकत होते.

खाली पाहिलं तर बाबा जागेवर नव्हते. मी आईवर गेलेय, बाबा म्हणजे वाळलेली काडी; माझ्या भाराने ते जमिनीवरून उचलले गेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना उचलणारा माणूस हातभर उंच हवेत लोंबकळत होता, चपटी टोपी तिरकी झालेली, उजवा हात दोरावर तसाच घट्ट. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग वरून सरडा ओरडला, काका, तिला खाली घ्या, आजच्याला बस झालं.

बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही. पायांच्या बोटांनी जमीन चाचपली, हलकेच उतरले, नीट उभे राहिले. उजवा हात दोरावर ठेवून डावा मोकळा केला. माझ्याकडे बघत तो उंच धरला, बोट आकाशाकडे केलं, आणि फिरवलं.

मी कड्याकडे वळले आणि दगडात बोटं रोवली. बाबांनी जादाचा दोर आत घेतला, पण सगळा नाही. नाकासमोर तो वीतभर सैल लोंबत होता, जसा असायला हवा तसा.